पिवळ्या रेघेच्या अलीकडे

मला सगळे मास्तर म्हणतात. मी कुठल्या शाळेत शिकवलं नाही. मी तुरुंगातला रक्षक, मधल्या गेटचा चावीवाला, आणि एकोणीस वर्षं भरतीच्या पोरांना एकच धडा शिकवत आलोय, म्हणून मास्तर. धडा असा, की आत सापडलेल्या माणसाचा हुकूम बाहेर चालत नाही.

हे नीट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मधल्या गेटच्या एका बाजूला कैद्यांचं आवार आणि बराकी, दुसऱ्या बाजूला कचेरी आणि मुख्य दार. गेट अख्ख्या लोखंडी पत्र्याचं, मधे वहीएवढी खिडकी, तिला सरकती झडप. आवारातल्या रक्षकाकडे एक काठी आणि एक शिट्टी, बस्स. चावी त्याच्याकडे मुद्दाम देत नाहीत, म्हणजे उद्या कैद्यांनी त्याला धरलं तरी त्याच्या खिशात काही सापडू नये. चावी बाहेर, माझ्या कमरेला. आणि गेटपासून आत दहा पावलांवर फरशीवर एक पिवळी रेघ आखलीय. आतला रक्षक धावत आला की चावीवाल्यानं उठायचं, झडप सरकवायची, रेघ बघायची. रेघेच्या अलीकडे, म्हणजे गेटच्या बाजूला, तो एकटाच असेल तर गेट हातभर उघडायचं, त्याला बाहेर ओढायचं आणि पुन्हा कुलूप. एकाही कैद्याचा पाय रेघेच्या अलीकडे असेल तर गेट बंद. मग आत साहेब असो की सख्खा भाऊ, त्यानं कितीही गळा काढला तरी बंद.

याचा सराव महिन्यातून एकदा. सकाळी दहानंतर, कैदी आंघोळी उरकून बराकीत बंद झाले की. कुठल्या दिवशी ते गेटवरच्याला सांगायचं नाही. ओलीस मीच व्हायचो. आमच्यातलेच दोघं कैदी बनून मला धरायचे आणि मी असं भोकाड पसरायचो की काय सांगू. उघड रे, बायको घरी वाट बघतेय रे, पोरीचं तोंड तरी बघू दे रे. गेटवरचं नवं पोरगं घामानं भिजायचं. एखाद्यानं विरघळून उघडलंच, तर सहा महिने त्याची सालटी निघायची. जुन्या लोकांना मात्र माझं रडणं पाठ होतं. मी 'उघड रे' म्हणालो की बाहेरून कुणीतरी ठरलेलं उत्तर द्यायचा, आज चावी हरवलीय, उद्या या, आणि अख्खी कचेरी हसायची. मलाही बरं वाटायचं. कौतुक कुणाला नको असतं.

जावई माझ्याच हाताखाली तयार झालेला. ताडमाड उंची, म्हणून त्याला सगळे लांब्या म्हणत. पहिल्या सरावाला तो गेटवर होता. त्यानं उघडलं नाही, पण झडपेतून माझ्याकडे बघत तो खराखुरा रडत होता. मी त्याच दिवशी ठरवलं, पोरगा आपल्या घरात हवा. मुलगी ऐकेना. लहानपणापासून तिनं माझी वाट बघितलेली. तुरुंगाचा धोक्याचा भोंगा झाला की जेवणाचं ताट सरकवून खिडकीत जाऊन बसायची. म्हणाली, बाबा, घरात एक तुरुंगवाला पुरे. लांब्या तिला आवडला होता, तुरुंग नको होता. तेव्हा मी छातीवर हात ठेवून तिला म्हणालो, "अगं, गेटवर मी असतो ना. त्याच्या केसाला धक्का लागणार नाही."

या एका वाक्यावर ती हो म्हणाली.

लग्नानंतर मी मोठ्या साहेबांच्या मागे लागून त्याला माझ्याच पाळीत घेतलं. जवळचे नातेवाईक एकाच गेटच्या दोन बाजूंना ठेवू नयेत असा नियम आहे. साहेब म्हणाले, कागदावर आणू नका म्हणजे झालं. मला वाटलं, आपण किती हुशारी केली.

दोन वर्षं बरी गेली. मग माझा गुडघा गेला आणि ओलीस व्हायचं काम मी लांब्याच्या गळ्यात मारलं. तोही वस्ताद निघाला. दुसऱ्याच सरावात त्यानं मलाच गंडवलं. धावत आला, गेट बडवलं, मी उठून झडप सरकवली, तर रेघेच्या अलीकडे हा एकटा. मी उघडलं. कैदी बनलेले दोघं गेटला चिकटून, खिडकीतून दिसणार नाहीत असे खाली बसलेले. ते घुसले आणि हा पोट धरून हसायला लागला. मास्तरांनीच उघडलं, मास्तर नापास, अशी महिनाभर कचेरीत माझी रेवडी उडाली. चहावालासुद्धा विचारायचा, मास्तर, उघडू का झाकण? घरी मुलगीही हसली. मी वरवर हसलो, पण मनात गाठ मारली, आता पुन्हा फसायचं नाही.

आता त्या दिवसाचं.

आवारात तीन रक्षक हवेत. चाळीस जागा रिकाम्या, त्यामुळे तिघांच्या जागी दोघं असायचे. त्या दिवशी एकटा लांब्या, आणि कैदी एकशे चाळीस. का, तर गुरुवारी वरचे साहेब तपासणीला येणार होते आणि निम्मी माणसं भिंतींना रंग लावत होती. माझा गेटवरचा जोडीदारसुद्धा कुंड्या रंगवायला नेला होता. लांब्यानं माणसं वाढवा म्हणून तीन अर्ज दिले होते. पहिल्या दोन अर्जांना उत्तर नाही. तिसऱ्याला आलं, आपण शिस्तीत असंतोष पसरवत आहात, खुलासा करा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ते वाचून. वर बसलेल्यांना शिस्त म्हणजे कुंड्यांची रांग. पण मी लांब्याला म्हणालो, जाऊ दे, खुलासा लिहून टाक, तोंडी लागू नको. हेही मीच म्हणालो.

त्या सकाळी पाण्याचा पंप बिघडला होता. पाणी उशिरा आलं, म्हणून दहा वाजून गेले तरी कैदी आवारातच होते. हे गेटवर मला कुणी कळवलं नाही. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं. माझ्या हिशेबानं आवार रिकामं. मी खुर्चीत, दुखरा पाय स्टुलावर, हातात कपबशी.

आतून धावत येणारी पावलं ऐकू आली. गेट धाडकन वाजलं.

"मास्तर, उघडा. लवकर उघडा."

मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. मनात म्हटलं, आला बेटा, पण आज तुझी डाळ शिजणार नाही. जागेवरून हललोसुद्धा नाही. बसल्या बसल्या ओरडलो, "आज चावी हरवलीय, उद्या या." आणि चहाचा एक घोट घेतला. गेट पुन्हा वाजलं, दोन्ही हातांनी बडवल्यासारखं. मी म्हटलं, काय काम करतोय, शाबास.

मग शिट्टी वाजली. सरावात शिट्टी कधीच वाजवत नाहीत, कारण ती वाजली की भोंगा होतो आणि सगळा तुरुंग धावतो. शिट्टी वाजली आणि अर्ध्यातच तुटली.

कपबशी कुठे पडली मला माहीत नाही. गुडघ्याचं भान नाही. झडप सरकवली. लांब्या गेटपासून तीन हातांवर, त्याच्या मागे तीन कैदी, तिघंही रेघेच्या अलीकडे. एकानं त्याचे हात पिरगाळले होते, एकानं केस धरले होते. तिसरा शिवण विभागातला शिंपी. त्याच्या हातात कात्रीचं एक पातं, लांब्याच्या गळ्यावर टेकवलेलं.

मी भोंगा दाबला. नियमाप्रमाणे झडपेसमोर उभा राहिलो, चावी मुठीत. नियम म्हणतो, बोलायचं नाही, सौदा करायचा नाही. शिंपी काही मुरलेला गुंड नव्हता. त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती. त्याच्या गादीत फोन सापडला म्हणून तीन महिने त्याच्या भेटी बंद केल्या होत्या. तो अहवाल लांब्यानं लिहिला होता, कारण लिहिणं भाग होतं. शिंपी रडत होता आणि ओरडत होता, उघडायला सांग, उघडायला सांग. लांब्या म्हणाला, मास्तर, उघडा. मी हललो नाही. पातं जरा आत गेलं, रक्ताची बारीक धार कॉलरमध्ये उतरली. मग तो माझ्याकडे बघत, घरी हाक मारतो तसा म्हणाला, "बाबा, उघडा."

मी उघडलं नाही. चावीचे दाते माझ्या तळहातात रुतले होते. हात जागचा हलला नाही. एकोणीस वर्षांची सवय हो, हातालाच लागलेली.

बावीस मिनिटांनी मागच्या भिंतीवरून तुकडी उतरली. झटापटीत पातं गळ्यात घुसलं. लांब्या वाचला, पण स्वरयंत्र फाटलं. एकही कैदी गेटबाहेर आला नाही.

त्यानंतर माझं जे कौतुक सुरू झालं ते शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. मोठे साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मास्तर, जावई समोर असताना नियम पाळलात, तुमच्यासारखी माणसं आता होत नाहीत. पदकासाठी नाव पाठवलं. मी जबाबात लिहिलं, शिट्टी ऐकताच झडप उघडली, तीन कैदी रेघेच्या अलीकडे दिसले, नियमानुसार गेट बंद ठेवलं. यात एक अक्षर खोटं नाही. फक्त आधीचं हसणं नाही, चहा नाही. आवारातला कॅमेरा चार महिने बंद होता. बाहेर माझ्याजवळ कुणी नव्हतं. कैद्यांचा शब्द कोण धरतो? ज्याच्या शब्दाला वजन असा ऐकणारा एकच होता आणि त्याचा गळा शिवलेला होता.

मी एका आशेला धरून होतो. पहिल्यांदा गेट वाजलं तेव्हा मी झडप उघडली नाही, म्हणजे आत काय होतं ते मला माहीतच नाही. कदाचित तेव्हाही ते तिघं रेघेच्या अलीकडे आले असतील. तसं असेल तर मी उठलो असतो काय आणि हसलो असतो काय, गेट बंदच राहिलं असतं. दिवसभर मनात हेच दळण. पावलं किती जणांची होती? एकाची? चौघांची? आठवून आठवून डोकं फुटायची वेळ आली, पण मला माझ्या हसण्याशिवाय काही ऐकू येईना.

इस्पितळात मुलगी त्याच्या उशाशी बसून असायची. अकरा दिवस तिनं धड अंग टेकलं नव्हतं. मी गेलो की मलाच बसवायची, मलाच पाणी द्यायची. एकदा माझ्या तळहातावरची चावीची खूण बघून तिनं तो हात आपल्या गालाला लावला. म्हणाली, "बाबा, तुमच्यावर काय वेळ आली असेल." त्यापेक्षा तिनं चप्पल काढून मारली असती तर बरं वाटलं असतं.

डॉक्टर म्हणाले, आवाज महिन्याभरात येईल, कदाचित येणारही नाही. तेव्हा माझ्या मनात आलं, न आला तर बरं. सांगायची लाज वाटते, पण आलं. पोटच्या पोरीचा नवरा, मुलासारखा घडवलेला, आणि मी मनातल्या मनात त्याला मुका करून ठेवत होतो.

बोलता येत नसल्यामुळे त्याच्या हाताशी एक कोरी वही असायची. पाणी. उशी वर कर. तू जेवलीस का. माझ्यासाठी त्यानं अकरा दिवसांत एक ओळ लिहिली नव्हती. मी आलो की डोळे मिटायचा. मुलगी म्हणायची, औषधांची गुंगी असते हो.

बाराव्या दिवशी, दुपारी, चौकशीच्या बाई जबाब घ्यायला आल्या. शांत स्वभावाच्या, चष्मा सारखा वर सरकवणाऱ्या. मी उठून जायला लागलो तर म्हणाल्या, बसा, तुमच्यावर काही आरोप नाहीये. मुलगी पलंगाच्या पायथ्याशी उभी. बाईंनी एकेक विचारलं, लांब्यानं एकेक लिहिलं. आवारात किती रक्षक? एक. अर्ज दिले होते? तीन. कात्री रोज मोजून घेतात का? नियम आहे, माणूस नाही. मग त्यांनी कैद्यांच्या जबाबात बघत विचारलं, "तुम्ही पहिल्यांदा गेट वाजवलंत, तेव्हा कैदी रेघेच्या अलीकडे होते की पलीकडे?"

 लांब्यानं पेन उचललं, माझ्याकडे बघितलं. बारा दिवसांत पहिल्यांदा सरळ बघितलं. मग लिहिलं, आठवत नाही.

बाईंनी ते आपल्या कागदावर उतरवून घेतलं, त्याची सही घेतली, लवकर बरे व्हा म्हणाल्या. मुलगी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली. मला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. मी त्याच्या पायावरची चादर नीट करायला लागलो. तेवढ्यात त्यानं वही पुन्हा ओढली, त्याच पानावर खाली काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं.

तुम्ही हसलात. कपबशी वाजली, तीसुद्धा ऐकू आली.

 मी विचारलं, मग बाईंना का नाही लिहिलंस? त्यानं पेन उशाशी ठेवलं आणि दाराकडे बोट केलं. दाराबाहेर मुलीची पावलं वाजत होती. तिच्यासाठी, असं त्याला म्हणायचं होतं. नवऱ्याच्या आवाजापाठोपाठ तिनं बापालाही गमावू नये म्हणून.

वही माझ्या हातात होती. पान फाडून खिशात घालायला एक क्षण पुरला असता. तो काही बोलणार नव्हता, आवाज आला तरी बोलणार नव्हता, हे मला तेव्हा लख्ख कळलं. आता चावी माझ्याच हातात होती. पण आयुष्यभर ही पोर माझ्या हाताला गाल लावणार आणि हा पलंगावरून बघत राहणार, हे माझ्याच्यानं झालं नसतं. मुलगी आत आली, काय लिहिलंय म्हणाली, आणि मी वही तिच्याकडे दिली.

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. "कोण हसलं?"

"मी," म्हणालो.

मग सगळं सांगितलं. मागच्या सरावातली फजिती, पाय स्टुलावर, चहा, उद्या या. काही लपवलं नाही. सांगता सांगता मी तिच्यापुढे हात जोडले होते, ते मला नंतर कळलं. शेवटी तीच आशा तिच्यासमोर टाकली. म्हणालो, कदाचित ते आधीच अलीकडे आले असतील गं, मग मी उठून तरी काय केलं असतं?

ती माझ्याच घरात वाढलेली. पिवळी रेघ तिला पाढ्यासारखी पाठ.  ती नवऱ्याकडे वळली, त्याचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "तू पहिल्यांदा हाक मारलीस तेव्हा अलीकडे कोणी होतं का रे? खरं सांग."

त्याला मान हलवताना त्रास व्हायचा. डॉक्टरांनी हलवू नको म्हणून बजावलं होतं. त्यानं डोळे मिटले, आणि मान सावकाश एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे नेली. नाही.

मुलगी रडली नाही, ओरडली नाही. माझ्या जवळचा पाण्याचा पेला उचलून तिनं पलीकडच्या टेबलावर ठेवला.

"बाबा, तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली.

मी बाहेर आलो. मागे तिनं दार लावून घेतलं. बाकावर बसलो, पुन्हा उठलो, दाराशी जाऊन उभा राहिलो. कुलूप नव्हतं, कडी घातल्याचा आवाजही आला नव्हता. आतून तिचं रडणं आता ऐकू येत होतं. दोनशे वेळा तरी मी त्या गेटवर 'उघड रे' म्हणून आरडाओरडा केला असेल, लोकांना हसवलं असेल. त्या दारासमोर मी भेटीची वेळ संपेपर्यंत उभा होतो, आणि एकदाही मला ते म्हणता आलं नाही.